पाटीवर एक, बुंध्याशी दुसरंच

दिवाळीआधीच्या अंकात मी महालक्ष्म्यांच्या केळीच्या पानांवर चार ओळी लिहिल्या, त्याचा हा परिणाम. या महिन्याच्या टपालात केळच केळ! गुलाबाची कीड, तुळशीचं वाळणं, कढीपत्त्याची उंची, हे नेहमीचे यशस्वी प्रश्न पुढच्या वेळी घेते. एक पत्र तर इतकं छान आहे की अर्धं सदर मी त्यालाच देणार आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी आम्ही भीमाशंकरकडे गेलो होतो. ज्यांच्याकडे जेवलो त्या आजींनी मूठभर तपकिरी बिया दिल्या. म्हणाल्या, "चवेणी आहे, लाव अंगणात." दहा पेरल्या, एक उगवली. आता तिचा बुंधा माठासारखा फुगलाय. पण दिवाळी झाली की पानं पिवळी पडतात आणि उन्हाळ्यात नुसतं ठुंठ उरतं. सासूबाई दर वर्षी म्हणतात, मेली, काढून टाक. शिवाय चार वर्षांत हिला एकही पिल्लू आलेलं नाही. मुलाने मोबाईलवर शोधलं तर एका ठिकाणी मुसा सुपर्बा, दुसऱ्या ठिकाणी एन्सेटे सुपर्बम. खरं नाव कोणतं? आणि मुळात ही केळ आहे का? — एक वाचिका, प्रतापनगर

उत्तर : आधी सासूबाईंना सांगा की ती मेलेली नाही. मग माझी फजिती सांगा, म्हणजे त्यांना बरं वाटेल.

नोकरीला लागून मला दोन-तीन वर्षं झाली असतील. कॉलेजच्या मागच्या बागेत एका सहकाऱ्याने घाटावरून आणलेलं हेच रोप लावलं होतं. मी पत्र्याची पाटी करून घेतली आणि जुन्या पुस्तकात बघून स्वतःच्या हाताने पांढऱ्या ऑइलपेंटने तिच्यावर नाव घातलं, मुसा सुपर्बा. अक्षर सुरेख आलं होतं, त्याचा अभिमान जास्त. जानेवारीत सगळी पानं वाळली. मी माळीबाबांना म्हटलं, मेलं हे, काढा. ते काही बोलले नाहीत. उपटलं आणि कंपाउंडच्या भिंतीमागे, जिथे पालापाचोळा टाकायचो तिथे टाकलं. मार्च, एप्रिल, नवतपा, सगळं तिथेच पडून. त्या उन्हात तिथे पत्र्याचा डबासुद्धा वाकडा व्हायचा. जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि माळीबाबा घमेल्यात घालून तेच ठुंठ माझ्या टेबलाशी घेऊन आले. टोकातून बोटभर हिरवी गुंडाळी वर आलेली. म्हणाले, "मेली नोयती बाई, झोपली होती थे. अन् हे केय नोहे. इले पिल्लं कुठी हायेत?"

केळीला ते आपल्या वऱ्हाडी वळणाने केय म्हणायचे. वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी माझ्याकडे होती, पण बुंध्याकडे बघायची अक्कल त्यांच्याकडे. मी पाटीकडे बघत होते.

तर पानं गळणं आणि पिल्लं न येणं, दोन्हींचं उत्तर माळीबाबांच्या त्या बोलण्यात आहे. आपली खायची केळ जमिनीखालच्या कंदातून बाजूला मुनवे, म्हणजे पिल्लं, काढते. आई घड देऊन मरते, पण तोवर शेजारी लेकीबाळी उभ्या असतात. म्हणून आपल्याला वाटतं की केळ मरतच नाही. तुमच्या चवेणीचं, म्हणजे रानकेळीचं, तसं नाही. तिला मुनवे येत नाहीत. एकच खोड, एकच जन्म. पाच-सात, कधी दहा वर्षंही ती बुंध्यात साठवण करते, मग एकदाच फुलते, फळते आणि संपते. गडचिरोलीकडचा बांबू फुलून मरतो तसंच. पुढची पिढी फक्त बियांतून.

पानं गळण्याचं कारणही हेच. ती सह्याद्रीतल्या कड्यांवर, खडकांच्या फटीत राहणारी बाई. तिथे चार महिने धो धो पाऊस आणि मग आठ महिने कोरडा कातळ. तेवढ्या काळात मोठाली पानं सांभाळणं परवडणारं नाही. म्हणून ती पानं टाकून देते आणि फुगलेल्या बुंध्यावर उन्हाळा काढते. ट्रेकला जाणाऱ्यांनी पाहिलं असेल, पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत अख्खा कडा या पोपटी पानांनी भरून जातो आणि मार्चमध्ये त्याच जागी काही नसतं.

तेव्हा नागपुरात तिला जपायचं म्हणजे काय, तर उन्हाळ्यात तिला पाणी घालायचं नाही. दया येते, माहीत आहे. पण पानं नसताना आपल्या काळ्या मातीत पाणी साचलं की बुंधा आतून सडतो. पावसाळ्याआधी तिच्याभोवती मुरूम आणि दगडगोटे घालून उंचवटा करा, पाणी निघून जाईल असा. जमिनीच्या अंगाने थोडा उतार मिळाला तर उत्तम. जूनमध्ये नवी गुंडाळी दिसली की मगच शेणखत.

आता नाव. दोन्ही नावं एकाच झाडाची आहेत, पण आज चालू आहे ते एन्सेटे सुपर्बम.

तेव्हाच्या कलकत्त्याजवळ, शिवपूरच्या बागेत, विल्यम रॉक्सबर्ग नावाचा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने १८११ साली कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या चित्रमय ग्रंथात हिचं वर्णन छापलं आणि नाव दिलं मुसा सुपर्बा. मुसा म्हणजे केळीची प्रजाती, सुपर्बा म्हणजे दिमाखदार. नाव खोटं नाही. पावसाळ्यात हिला पाहिलंत की पटतं.

पुढे १८६२ मध्ये होरानिनोव नावाच्या रशियन अभ्यासकाने केळीच्या घराण्यात एन्सेटे ही वेगळी प्रजाती मांडली. एन्सेटे हा इथिओपियातला शब्द. तिथे या घरातली एक भलीमोठी केळ शेतात लावतात. फळासाठी नव्हे, तर तिच्या खोडाचा आणि कंदाचा गर खड्ड्यात पुरून आंबवतात आणि त्याची भाकरी करतात. लाखो माणसांचं ते रोजचं अन्न आहे. होरानिनोवकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही आणि जवळजवळ शंभर वर्षं सगळ्या केळी मुसाच राहिल्या. मग १९४७ मध्ये चीझमन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी लंडनच्या क्यू उद्यानाच्या नियतकालिकात केळींच्या वर्गीकरणावर लेखमाला सुरू केली. त्याआधी त्यांनी त्रिनिदादमध्ये केळींवर बरंच काम केलेलं होतं. त्यांनी सरळ सांगितलं की हे दोन वेगळे संसार आहेत. मुनवे नसणं ही एक खूण. दुसरी, गुणसूत्रं. मुसात मूळ संख्या सहसा ११ किंवा १० असते, एन्सेटेत ९. तिसरी खूण मला सगळ्यांत आवडते, कारण ती अंगणात उभं राहून दिसते. आपल्या केळफुलाचं लाल सालपट रोज एक उचललं जातं आणि गळून खाली पडतं. सकाळी झाडताना ते केरसुणीत येतं. रानकेळीचं फूल आणि सालपट दांड्याशी एकजीव असतं, ते गळत नाही. तिथेच वाळून चिकटून राहतं. दिवाळीआधीच्या अंकात मी घाईघाईत "रानकेळीचं फूलही आपल्या केळफुलासारखंच" असं लिहून बसले होते, ते या ठिकाणी मागे घेते.

आता सुपर्बाचं सुपर्बम का झालं? मुलाला हे नक्की सांगा, त्याचं व्याकरणही सुधारेल. लॅटिनमध्ये मुसा हा शब्द स्त्रीलिंगी धरतात आणि एन्सेटे नपुंसकलिंगी. विशेषणाने नामामागे जायचं, हा नियम. आपल्या भाषेला यात काही नवल नाही. झाड ती केळ आणि फळ ते केळं. "हिरवी केळ" म्हणतो आणि "हिरवं केळं" म्हणतो. रॉक्सबर्गचं विशेषण तसंच राहिलं, शेपूट तेवढी बदलली.

शास्त्रीय नावापुढे तुम्हाला कंसात रॉक्सबर्ग आणि कंसाबाहेर चीझमन लिहिलेलं दिसेल. आपल्याकडे पूर्वी लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने मुलीचं नवं नाव लिहायचे ना, तशातला हा प्रकार, फक्त जास्त सभ्य. इथे सासरी गेल्यावर आडनाव, म्हणजे प्रजातीचं नाव, बदलतं. पण पाळण्यातलं नाव ठेवणाऱ्याला विसरायचं नाही, त्याला कंसात मान द्यायचा. माणसांच्या लग्नात ही तरतूद असती तर बऱ्याच बायकांचं माहेर कागदावर टिकलं असतं.

"ही केळ आहे का" याचं उत्तर मग असं : घराणं केळीचंच, पण सख्खी बहीण नव्हे, चुलत. या घराण्यात तीनच प्रजाती आहेत. मुसा, एन्सेटे आणि चीनच्या युन्नान भागातली मुसेला. तिसरीचं फूल जमिनीलगत उमललेल्या पिवळ्या कमळासारखं दिसतं. ती १८८९ मध्ये मुसा म्हणूनच नोंदवली गेली होती आणि १९७८ मध्ये वेगळी निघाली. म्हणजे घराच्या वाटण्या होण्याची या घराण्याला सवयच आहे.

राहिली गोष्ट फळाची. घड धरेल, आखूड आणि जाडजूड केळी लागतील, पण खाण्याची आशा ठेवू नका. मी एकदा पिकलेलं एक फळ विळीवर आडवं कापलं, तर विळीच अडकली. आत काबुली हरभऱ्याहून मोठ्या, कडक, टोकेरी बिया एकाला एक चिकटून बसलेल्या आणि त्यांच्या मधल्या फटीत बोटाला लागेल न लागेल इतका गर. बी फोडली की आत पांढरं पीठ. तिला एका बाजूला बूच असतं, छोटंसं. उगवताना कोंब ते बूच ढकलून बाहेर येतो. तुमच्या दहातली एकच का उगवली याचं उत्तर त्या बुचात आहे. बी जुनी झाली किंवा पुरेशी भिजली नाही की ते निघत नाही. पुढच्या वेळी बिया दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला आणि पेरल्यावर निदान तीन-चार महिने कुंडी फेकू नका.

घाटावर या बियांचं चूर्ण मूतखड्यावर देतात. तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारणारच म्हणून लिहिते : मूतखडा असेल तर सोनोग्राफी करा, डॉक्टरांना दाखवा. बी मातीत घाला.

आणि आजींनी "चवेणी" म्हटलं ते नाव पाटीवर आधी लिहा. कुठे चवई, कुठे कवदर, कुठे नुसतं रानकेळ. ज्या गावातून बी आलं त्या गावाचं नाव आणि साल खाली लिहा. शास्त्रीय नाव तिसऱ्या ओळीत. माझ्या त्या पाटीवर नाव सोडून दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ते झाड घाटाच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यातून आलं होतं हे आज कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : बाजारातल्या केळ्यात मधोमध काळे ठिपके असतात. त्या बिया का? पेरल्या तर उगवतील? — इयत्ता सातवी, मानेवाडा

उत्तर : शाब्बास. बिया होत्या, आता नाहीत. ते बी धरण्याच्या जागेचे अवशेष आहेत, उगवणार नाहीत.

पण हा प्रश्न वरच्या उत्तराशी असा जोडला जातो की थांबवत नाही. खायच्या केळीचे दोन रानटी पूर्वज आहेत. मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. दोघांच्याही फळात बिया असतात. त्यांच्याकडून आलेल्या गुणसूत्रांच्या संचांचं सोयीचं टोपणनाव ए आणि बी. जंगलात आणि माणसांच्या परसात त्यांचे संकर झाले, त्यातले काही असे निघाले की परागीभवनाशिवाय फळ धरू लागले आणि बिया मात्र धरेनात. माणसाने मुनवे उचलले आणि लावत सुटला. बसराई, ग्रँड नैन, अर्धापुरी या तिघींत तीन ए आहेत. सफेद वेलचीत एक ए, एक बी. कोकणातल्या राजेळीत दोन ए, एक बी. भाजीच्या जाड केळीत एक ए आणि दोन बी. तीनचा आकडा आला की गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून बिया धरत नाहीत. तुझ्या गणिताच्या बाईंना विचार, तिघांच्या जोड्या लावता येतात का.

हे अक्षरांचं गणित १९५५ मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी बसवलं, तेही सूक्ष्मदर्शकापेक्षा डोळ्यांच्या जोरावर. केळीची पंधरा लक्षणं निवडली आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण दिले. निव्वळ ए असेल तर बेरीज पंधरा, निव्वळ बी असेल तर पंचाहत्तर, संकर मध्ये कुठेतरी. त्यातलं एक लक्षण तू उद्या करून बघ. केळीच्या पानाचा दांडा सुरीने आडवा काप. काठ बाहेर पसरलेले, पन्हाळीसारखे उघडे असतील तर ए जास्त. काठ आत वळून एकमेकांना भेटत असतील तर बी जास्त. सुरी आईला धरायला सांग.

मोठ्यांसाठी एक पुरवणी. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये केळीला मुसा पॅराडिसियाका म्हटलं आणि १७५९ मध्ये गोड केळीला मुसा सेपियंटम, म्हणजे ज्ञानी लोकांची केळ. भारतातले ज्ञानी पुरुष एका झाडाच्या फळांवर राहतात असं रोमन ग्रंथकार प्लिनीने लिहून ठेवलं होतं, त्यावरून. गंमत अशी की ही दोन्ही नावं संकराला दिलेली निघाली. खऱ्या आईबापांची नावं इटलीच्या कोला यांनी १८२० मध्ये ठेवली. खेचराचं बारसं आधी आणि घोड्या-गाढवाचं सत्तर वर्षांनी! म्हणूनच आज जाणकार पॅराडिसियाका लिहिताना मध्ये गुणाकाराची फुली टाकतात, संकराची खूण म्हणून. बाजारातल्या वाणाला तर मी लॅटिन नाव लावतच नाही. अक्षरं आणि वाणाचं नाव पुरे. जळगावच्या शेतकऱ्याला "तीन ए, ग्रँड नैन" म्हटलेलं लगेच कळतं.

लिनियसची आणखी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती प्रतापनगरच्या ठुंठाशी जुळते. हॉलंडमध्ये क्लिफर्ड नावाच्या श्रीमंत गृहस्थाच्या काचघरात केळ होती, पण फुलेना. तिला चांगली माती दिली, काही आठवडे पाणी तोडलं आणि मग उष्ण देशातला पाऊस पडावा तसं भरपूर घातलं. १७३६ मध्ये ती फुलली, फळली आणि लिनियसने तिच्यावर एक पुस्तिकाच लिहिली. पाणी कधी घालायचं नाही हेही बागकाम आहे.

प्रश्न : नर्सरीतून "पिंक बनाना" म्हणून रोप आणलं. चिठ्ठीवर मुसा ऑर्नाटा लिहिलंय. आता त्याला वर तोंड करून गुलाबी, लव असलेली छोटी केळी लागली आहेत आणि ती आपोआप सोलली जातात! हे काही रोग वगैरे नाही ना? खाता येतील का? — एक वाचक, मनीषनगर

उत्तर : रोग नाही, चिठ्ठी चुकली. ही मुसा व्हेलुटिना, म्हणजे मखमली केळ. ईशान्य भारतातली. १८७५ मध्ये वेंडलँड आणि ड्रूड या जर्मन अभ्यासकांनी हिचं वर्णन केलं. मुसा ऑर्नाटाही देखणी, तीही घड वर तोंड करूनच धरते, तिचं बारसं आपल्या रॉक्सबर्गनेच केलं. पण तिची सालपटं फिकट जांभळट गुलाबी आणि फळं गुळगुळीत, पिवळसर हिरवी. तुमच्या फळांवर लव आहे, रंग गडद गुलाबी आहे आणि पिकल्यावर साल टोकापासून खाली सोलून पाकळ्यांसारखी उघडते. तिचा तो स्वभावच आहे, पक्ष्यांना वाढलेलं ताट. नर्सरीवाल्याला बोल लावू नका, या दोघींचे संकरही बागांतून फिरत असतात आणि रोप हातभर असताना माझीही चूक होईल.

गर गोड असतो, पण बिया काळ्या आणि दगडासारख्या. दाताखाली आल्या तर दात जाईल. नातवंडांना देऊ नका.

या दोघी पूर्वी "रोडोक्लॅमिस" या वेगळ्या गटात होत्या. वर तोंड करणारा घड ही त्या गटाची ओळख. पण त्यांची गुणसूत्रं ११च, खायच्या केळीच्या पूर्वजांसारखी. म्हणून २०१३ मध्ये फिनलंडच्या हॅकिनेन यांनी मुसातले पाच गट मोडून दोनच ठेवले. ११ वाले एकीकडे, म्हणजे मुसा गटात. १० वाले दुसरीकडे, म्हणजे कॅलिमुसा गटात. त्यांच्यासोबत न्यू गिनीच्या डोंगरांतली ती अवाढव्य मुसा इन्जेन्सही गेली, जिची संख्या ७ आहे आणि उंची चौथ्या मजल्याला लागेल इतकी. मला ही वाटणी पटते. घड वर की खाली यावरून नातं ठरवणं म्हणजे केस कुरळे की सरळ यावरून भावकी ठरवण्यासारखं झालं. वाफ्यात ओळखायला मात्र जुना गट अजून सोयीचा आहे, मी तोंडात तेच नाव ठेवते.

मनीषनगरच्या तुमच्या गच्चीवर मे महिन्यात हिला हिरव्या जाळीची सावली लागेल. हिला मुनवे भरपूर येतात, दोन ठेवा, बाकी शेजाऱ्यांना द्या. चिठ्ठी दुरुस्त करून द्या.

प्रश्न : लग्नाच्या लॉनच्या गेटवर पंख्यासारखी केळीची झाडं लावलेली असतात, ती कोणती केळ? आणि सत्यनारायणाला केळीचे खुंट नाही मिळाले तर कर्दळ चालते का? — एक वाचिका, वर्धा

उत्तर : गेटवरची ती ट्रॅव्हलर्स पाम. ती केळ नाही आणि पामही नाही. मादागास्करची आहे. पूर्वी तिला केळीच्या कुळात धरत, आता बर्ड ऑफ पॅराडाइजच्या कुळात गेली. केळीची पानं खोडाभोवती फिरत निघतात, हिची दोनच रांगांत, म्हणून पंखा होतो. बी मिळाली तर जरूर बघा, तिच्यावर निळ्याभोर रंगाचं वेष्टण असतं. निसर्गात एवढा निळा रंग क्वचितच दिसतो.

कर्दळीचं विचाराल तर पूजेला काय चालतं हे तुमच्या गुरुजींना विचारा, मी फक्त नातं सांगते. कर्दळ, हळद, आलं, हेलिकोनिया, केळ, ही सगळी एकाच मोठ्या गणातली आठ कुळांची भावकी. त्यामुळे पान जवळपास सारखं, मधली शीर जाड आणि वाऱ्याने फाटणारं. शब्दांचंही तसंच गुंतलंय. कदली म्हणजे केळ. दत्तसंप्रदायात श्रीनृसिंहसरस्वती ज्या कर्दळीवनात गुप्त झाले म्हणतात ते केळीचं बन, बागेतल्या लाल-पिवळ्या फुलांच्या कर्दळीचं नव्हे. ही फुलांची कर्दळ मूळची अमेरिकेची. तिचं शास्त्रीय नाव कॅना इंडिका! लिनियसच्या काळात अमेरिकेच्या बेटांनाही इंडीज म्हणत, त्याचा हा घोळ. नियम असा की एकदा रीतसर छापलेलं नाव केवळ अर्थ चुकीचा आहे म्हणून बदलता येत नाही. म्हणून बिचारी आजही भारतीय म्हणून फिरते.

वर्ध्यात खुंट मिळत नसतील यावर माझा विश्वास बसत नाही. आदल्या दिवशी सकाळी सात वाजता बाजारात जा, दहाला गेलात तर उरणार नाहीत.

ता. क. — प्रतापनगरच्या बाई, तुमची चवेणी फुलेल त्या वर्षी बुंध्याच्या मधोमध पानांचा आकार एकाएकी लहान होत जाईल. तेव्हा मला एक पोस्टकार्ड टाका. मी येते बघायला. आणि बिया काढाल तेव्हा एक मूठ माझ्यासाठी ठेवा, कॉलेजची ती बाग आता पार्किंग झाली आहे, पण माझ्या अंगणात भिंतीपाशी मुरुमाची एक जागा रिकामी आहे.